पहिला खडा अष्टकोनी पाडा: पैलू पाडायला शिकणाऱ्यासाठी एक सोपं डिझाइन

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीच्या एका वाचकाने पैलू पाडायचं जुनं मशीन घेतलं आहे. ९६ दातांचं इंडेक्स चक्र, म्हणजे खडा ठरावीक पायऱ्यांनी फिरवणारं दातेरी चाक आहे, कोन मोजायला साधा प्रोट्रॅक्टर आहे. तीन महिन्यांत त्यांनी ५७ पैलूंचा गोल ब्रिलियंट तीनदा पाडून पाहिला, तिन्ही वेळा पैलूंची टोकं जुळली नाहीत. शिवाय खड्याच्या मधोमध पारदर्शक भोक पडल्यासारखं दिसतं आणि खालचा कागद वाचता येतो. कच्चा माल म्हणून ॲमेथिस्टचे तुकडे आणि पुण्याकडून आणलेले अपोफिलाइटचे स्फटिक आहेत. त्यांना एखादं सोपं डिझाइन हवं आहे.

आधी अपोफिलाइट बाजूला ठेवा, कपाटात ठेवा. दख्खनच्या बेसाल्टमधल्या पोकळ्यांत तयार होणारं हे खनिज जगभरातले संग्राहक शोधत असतात. पाषाणच्या टेकडीतलं हिरवं अपोफिलाइट तर खनिजप्रेमींना नावाने माहीत आहे. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात एकदा जाऊन या म्हणजे तुमच्या हातात काय आहे ते कळेल. त्याची कठीणता साडेचार ते पाच, एका दिशेने ते पत्त्याच्या जोडासारखं सुटतं आणि त्याच्या रचनेतच पाणी असल्यामुळे उष्णता त्याला सोसत नाही. तुमच्या हातून ते नक्की फुटेल आणि लाखो वर्षांत जमलेलं टोकदार स्फटिक एका दुपारी वाया जाईल. मी सतरा-अठरा वर्षं हे काम करतो आहे, तरी चांगला अपोफिलाइट स्फटिक लॅपवर, म्हणजे घासायच्या फिरत्या चकतीवर, टेकवायचं धाडस करत नाही.

ॲमेथिस्ट मात्र शिकायला उत्तम. ॲमेथिस्ट, सिट्रीन, धुरकट स्फटिक, पांढरा स्फटिक ही सगळी क्वार्ट्‌झचीच, म्हणजे आपल्या गारगोटीचीच भावंडं. कठीणता ७, फुटायची ठरावीक दिशा जवळजवळ नाही, किंमत परवडणारी. पहिल्या दोन-तीन खड्यांना फिकट ॲमेथिस्ट किंवा पांढरा स्फटिक घ्या. गडद रंगात चुका लपतात आणि तुम्हाला आत्ता त्या दिसायला हव्यात.

आता त्या भोकाबद्दल. आमच्यात त्याला खिडकी म्हणतात. तुम्ही पॅव्हिलियनचे, म्हणजे खालच्या निमुळत्या भागाचे मुख्य पैलू पावणे-एकेचाळीस अंशांवर पाडले असं लिहिलं आहे. तो हिऱ्याचा कोन आहे. मार्सेल टोल्कोव्स्की यांनी १९१९ साली गोल हिऱ्याचं गणित मांडलं आणि तेव्हापासून हा आकडा सगळीकडे फिरतो. पण हिऱ्याचा वक्रीभवनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो त्याचं माप, २.४२ आणि क्वार्ट्‌झचा १.५४. हिऱ्याच्या आतला प्रकाश पैलूवर साडेचोवीस अंशांपेक्षा जास्त तिरपा पडला की परत आत वळतो. क्वार्ट्‌झमध्ये ही मर्यादा साधारण ४०.४ अंशांची आहे. टेबलातून, म्हणजे माथ्यावरच्या सपाट पैलूतून, सरळ खाली आलेला किरण पॅव्हिलियनच्या पैलूवर नेमका त्या पैलूच्या कोनाएवढाच तिरपा पडतो. म्हणजे पावणे-एकेचाळीसला तुमच्या हातात जेमतेम एक तृतीयांश अंशाची मुभा होती. जुन्या प्रोट्रॅक्टरमध्ये एक अंशाची चूक सहज असते. ती उलट्या बाजूला गेली असेल तर तुम्ही खरं पाहता पावणेचाळीसला पाडलं आणि सगळा प्रकाश खालून निघून गेला.

म्हणून क्वार्ट्‌झला ४३ अंश. एवढी मुभा ठेवली की मशीनची छोटी चूक पोटात घेतली जाते. खडा फार कलवून पाहिलात तर एका बाजूने खिडकी तरीही दिसेल. वक्रीभवनांक कमी असलेल्या सगळ्याच खड्यांचं तसं होतं, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

आता डिझाइन. लोक सोपं म्हणजे कमी पैलूंचं असं धरून चालतात. माझ्या मते सोपं डिझाइन ते, ज्यात चूक झाली की तिथल्या तिथे डोळ्यांना दिसते आणि पुढे जाण्याआधी दुरुस्त करता येते. गोल ब्रिलियंटमध्ये नेमकं हेच होत नाही. पॅव्हिलियनला २४ पैलू, क्राऊनला, म्हणजे वरच्या भागाला ३३, गर्डलला, म्हणजे दोघांमधल्या कडेच्या पट्टीला वेगळे १६. एकदा कुठेतरी पाव दाताचा फरक पडला की तो दहा पैलूंनंतर भलत्याच ठिकाणी उगवतो आणि नवशिक्याला कळत नाही की चूक आत्ता झाली की तासाभरापूर्वी. मीसुद्धा माझा पहिला खडा गोलच पाडायला घेतला होता. दीड महिना त्यात गेला, बोराएवढा तुकडा वाटाण्याएवढा झाला आणि हाती लागलं ते एक लंबगोल काहीतरी. नंतर जयपूरला ज्या उस्तादांकडे शिकायला गेलो त्यांनी तो खडा भिंगाखाली बराच वेळ पाहिला आणि माझ्यासमोर काचेचे तुकडे ठेवले. पुढचे तीन आठवडे फक्त सरळ बाजूंचे आकार पाडले. तिथे मला कळलं की सरळ गर्डल ही शिकणाऱ्याची सगळ्यात मोठी सोय आहे.

म्हणून तुम्हाला अष्टकोन देतो. गर्डलचे आठ सोडले तर एकूण २५ पैलू. अंशांपुढचे आकडे म्हणजे चक्राचे दात.

पॅव्हिलियन, पहिली फेरी: ४३ अंश, ९६, १२, २४, ३६, ४८, ६०, ७२, ८४.
गर्डल: ९० अंश, तेच आठ आकडे.
क्राऊन, पहिली फेरी: ४० अंश, तेच आठ आकडे.
क्राऊन, दुसरी फेरी: ३३ अंश, ६, १८, ३०, ४२, ५४, ६६, ७८, ९०.
टेबल: सपाट.

तुमच्या चक्राला ६४ दात असते तर आठ-आठच्या उड्या आणि दुसऱ्या फेरीला ४, १२, २० असं गेलं असतं. ८० दातांवरही जमतं. ७२ किंवा १२० दातांवर दुसरी फेरी अर्ध्या दातावर येते, म्हणून त्या चक्रांवर हे डिझाइन करू नका. हे दुसऱ्या वाचणाऱ्यांसाठी लिहिलं, तुमचं ९६ अगदी योग्य आहे.

मापाचा अंदाज द्यायचा तर खड्याची खोली रुंदीच्या ६८ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे १० मिलिमीटर रुंद खड्याला पावणेसात मिलिमीटर खोली लागते, आणि क्वार्ट्‌झमध्ये तो सुमारे सव्वातीन कॅरेट भरतो. कच्चा तुकडा निदान १२ मिलिमीटर रुंद आणि साडेआठ खोल घ्या. पहिल्या खड्याला १० मिलिमीटरपेक्षा लहान जाऊ नका. लहान खड्यात पैलू इतक्या झटकन सरकतात की हात शिकायच्या आत टोक निघून जातं.

तुकडा पाण्यात बुडवून दिव्यासमोर धरा. भेगा आणि रंगाचे पट्टे स्पष्ट दिसतील. ॲमेथिस्टमध्ये जांभळा रंग बहुतेक वेळा एका टोकाला गोळा झालेला असतो. ते टोक खाली, क्युलेटकडे, म्हणजे पॅव्हिलियनच्या टोकाकडे ठेवा, कारण तिथला रंग परावर्तनाने सगळ्या खड्यात पसरतो. रंग एका कडेला ठेवलात तर अर्धा खडा जांभळा आणि अर्धा पाण्यासारखा दिसेल. मग टेबलाच्या बाजूला एक सपाट जागा घासून घ्या आणि तिथे डॉप, म्हणजे खडा धरणारी धातूची दांडी चिकटवा. पहिल्या बाजूला डॉपची लाख वापरा. खडा आणि डॉप दोन्ही हळूहळू, सारखे गरम करा. थंड खड्यावर गरम लाख टाकली तर दोन गोष्टी होतात: खडा तडकतो, किंवा लाख धरल्यासारखी दिसते आणि ऐन कामात सुटते.

लॅप सुरू करण्याआधी पाणी सुरू करा, आणि ही गोष्ट मी हट्टाने सांगतो. क्वार्ट्‌झ म्हणजे शुद्ध सिलिका. कोरडं घासलं की त्याची धूळ फुप्फुसात जाते आणि कधी बाहेर येत नाही. गुजरातेत खंबातला अकीक घासणाऱ्या कारागिरांच्या कित्येक कुटुंबांत सिलिकोसिसने माणसं गेली आहेत. त्यांच्या कामाची नजाकत जगभर पोचली आणि त्याची किंमत त्यांच्या श्वासाने मोजली गेली. पाण्याचा थेंब थांबला तर हात थांबला पाहिजे. काम संपल्यावर मशीनभोवतीचा गाळ ओला असतानाच पुसून घ्या, वाळू देऊ नका आणि झाडू तर मुळीच मारू नका. घरात लहान मुलं असतील तर मशीनची खोली वेगळीच हवी.

आता पॅव्हिलियन. घाट द्यायला २६० ग्रिटचा लॅप, मग ६००, मग १२००; आकडा जितका मोठा तितका लॅप बारीक. कोन ४३ वर बांधा. आठही पैलू ओळीने ९६, १२, २४ असे पाडू नका. आधी ९६, मग समोरचा ४८, मग २४ आणि ७२. चारच पैलू पाडून थांबा आणि भिंगातून टोक पाहा. चार पैलू एका बिंदूत मिळाले असतील तर छान. बहुतेक वेळा मिळत नाहीत. कौलारू घराच्या आढ्यासारखी एक छोटी आडवी कड दिसते. त्या आढ्याला लांब कडेने टेकलेले दोन पैलू जास्त खोल गेलेले असतात आणि आढ्याच्या दोन टोकांचे त्रिकोणी पैलू उथळ राहिलेले असतात. म्हणून त्रिकोणी दोघांना अगदी थोडं, आणखी थोडं कापा. आढं आखूड होत होत बिंदूत मिटतं. हे एकदा डोळ्यांनी पाहिलंत की पैलूंच्या खेळाचा निम्मा भाग समजला. नंतर मास्टच्या, म्हणजे मशीनच्या उभ्या खांबाच्या, उंचीला हात न लावता उरलेले चार: १२, ६०, ३६, ८४. आठही त्याच बिंदूत आले पाहिजेत.

उंची तीच ठेवूनही पैलू कमी-जास्त का कापले जातात, असा प्रश्न तुम्हाला पडेलच. कारण हाताचा दाब. जोरात दाबलं की क्विल, म्हणजे डॉप धरणारी दांडी, किंचित वाकते आणि पैलू खोल जातो. लॅपच्या बाहेरच्या कडेला वेग जास्त, आतल्या बाजूला कमी, त्यामुळेही फरक पडतो. प्रत्येक पैलू लॅपच्या त्याच पट्ट्यात, तेवढ्याच सफाईने मागे-पुढे फिरवत कापा आणि आवाज ऐका. कापत असताना खरखर येते, मशीन ठरलेल्या खोलीवर टेकलं की ती विरून जाते. प्रत्येक वेळी तो आवाज विरेपर्यंत थांबायचं. महागड्या मशीनला खोली दाखवणारा काटा असतो, पण कान तयार झाला की जुन्या मशीनवरही तितकंच नेमकं काम होतं.

बिंदू आधी ६०० वर साधा, मग १२०० वर परत. १२०० वर आल्यावर बिंदू पुन्हा थोडा हलेल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, लॅपची जाडी बदलली की उंची नव्याने जुळवावी लागते. आधीच्या ग्रिटचे ओरखडे पूर्णपणे जाईपर्यंत पुढच्या ग्रिटवर जाऊ नका. लॅप बदलताना खडा, डॉप, हात आणि नखं धुवा. २६० चा एक कण १२०० च्या लॅपवर गेला तर त्याचा ओरखडा तुम्हाला दोन तास मागे नेतो.

गर्डलला कोन ९० आणि तेच आठ आकडे. इथे अष्टकोनाची खरी मजा आहे. गर्डलचा प्रत्येक पैलू पॅव्हिलियनच्या पैलूच्या बरोब्बर डोक्यावर बसतो. क्युलेटचा बिंदू नीट जुळलेला असेल आणि आठही बाजू सारख्या खोलीला कापल्या असतील तर दोघांमधली रेघ आपोआप सरळ आणि एका पातळीत येते. गोल खड्यात ही पातळी सोळा छोट्या तुकड्यांतून ओळखावी लागते, इथे आठ लांब रेघा तुमच्यासमोर असतात. एखादी रेघ वर-खाली दिसली तर गर्डलचा तो पैलू कमी किंवा जास्त कापला गेला आहे. लगेच कळतं, लगेच दुरुस्त होतं. कॅलिपरने समोरासमोरच्या चारही जोड्या मोजा. पहिल्या खड्यात एक दशांश मिलिमीटरचा फरक चालेल.

मग पॉलिश. क्वार्ट्‌झला सेरियम ऑक्साइड आणि ॲक्रिलिकचा लॅप ही जोडी मी नवशिक्यांना देतो. पावडर पातळ ताकाएवढी, जाड नको. वेग कमी. लॅप अगदी ओलाही नको आणि अगदी कोरडाही नको, तो किंचित ओढायला लागतो त्या टप्प्यावर पॉलिश धरतं. एक पैलू झाला की भिंगाखाली पुसून पाहायचा, पाण्याच्या थराखाली सगळंच चकचकीत दिसतं. पैलूच्या एकाच कडेला पॉलिश आलं आणि दुसरी पांढरी राहिली तर कोनात किंवा इंडेक्समध्ये केसभर फरक आहे. कड वरची-खालची असेल तर कोन दहाव्या हिश्शाने बदला, डावी-उजवी असेल तर चीटर, म्हणजे इंडेक्स किंचित सरकवायचा स्क्रू फिरवा. गर्डलही याच वेळी पॉलिश करून घेतलेलं बरं.

आता सगळ्यात नाजूक पायरी: खडा उलटा करणं. ट्रान्सफर जिगमध्ये, म्हणजे दोन डॉप समोरासमोर एका रेषेत धरणाऱ्या साच्यात, पॅव्हिलियनच्या बाजूला शंकूच्या खोबणीचा डॉप बसवा आणि दोन भागांचं इपॉक्सी लावा, आपलं साधं अरल्डाइट चालतं. पूर्ण रात्र, खरं तर चोवीस तास तसंच राहू द्या. घाई केली की इथेच खडा वाकडा बसतो आणि ते तुम्हाला दोन दिवसांनी क्राऊन पाडताना कळतं. दुसऱ्या दिवशी स्पिरिटच्या दिव्यावर जुन्या डॉपचा फक्त धातू तापवा, लाख मऊ झाली की तो हलक्या हाताने ओढून काढा. ज्योत खड्याला लागता कामा नये.

खडा पुन्हा मशीनवर बसवल्यावर त्याची दिशा जुळवायची. गोल खड्यात ही मोठी डोकेदुखी असते, तुमच्याकडे मात्र गर्डलच्या सपाट बाजू आहेत. कोन ९०, इंडेक्स ९६. गर्डलच्या एका बाजूवर मार्करने शाई लावा आणि बारीक लॅप हाताने फिरवत ती बाजू जेमतेम टेकवा. शाई पूर्ण बाजूवरून सारखी पुसली गेली तर खडा जागेवर आहे. फक्त डावीकडची पुसली तर चीटर फिरवा आणि पुन्हा शाई लावा. पाच-सहा वेळा करावं लागलं तरी करा.

क्राऊनची पहिली फेरी ४० अंशांवर. गर्डलची पट्टी रुंदीच्या तीन टक्के, म्हणजे १० मिलिमीटरच्या खड्यावर ०.३ मिलिमीटर उरेपर्यंत. इतकी बारीक पट्टी डोळ्यांनी मोजता येत नाही, पण सगळीकडे सारखी आहे की नाही हे उत्तम दिसतं. एका बाजूला जाड आणि समोर बारीक होत असेल तर खडा उलटवताना कलला आहे. फरक अगदी थोडा असेल तर जाड बाजू थोडी जास्त कापून निभावता येतो. जास्त असेल तर थांबा, खडा सोडवून पुन्हा चिकटवा. एक दिवस जाईल, खडा वाचेल.

दुसरी फेरी ३३ अंशांवर, अष्टकोनाच्या कोपऱ्यांवर. हा पैलू वरून सुरू होतो आणि पहिल्या फेरीच्या दोन पैलूंमधल्या कडेवरून खाली उतरत जातो. तो गर्डलच्या कोपऱ्याला टेकला की थांबायचं. तिथे गर्डलची उभी कड धरून पाच रेघा एका बिंदूत येतात, यालाच मीटपॉइंट म्हणतात. टेकायच्या आधी दोन-तीनदा थांबून भिंगातून पाहा, शेवटचा टप्पा १२०० वरच करा, २६० वर मुळीच नाही. आठही कोपऱ्यांना पैलू पोचले की पहिल्या फेरीचे पैलू आपोआप त्रिकोण होतात आणि त्यांचे शेंडे वर एका वर्तुळात उभे राहिलेले दिसतात.

टेबलाला तेच शेंडे खूण म्हणून पुरतात. ४५ अंशांचा ॲडॉप्टर लावा, क्विल ४५ वर बांधा आणि १२०० पासूनच सुरुवात करा. टेबल खाली जाता जाता त्या आठ त्रिकोणांच्या शेंड्यांना एकदम टेकलं पाहिजे. एका बाजूचे शेंडे आधी टेकले तर टेबल कललं आहे. पुढे-मागे कललं असेल तर कोनाने, डावी-उजवीकडे असेल तर चीटरने सावरा. शेंडे टेकायला केसभर उरलं असताना पॉलिशला जा, कारण पॉलिशही थोडं खातं. हिशेबाने टेबल रुंदीच्या ५३ टक्क्यांच्या आसपास येतं.

आता या डिझाइनवर माझा इतका जीव का, ते सांगतो. समजा तुमचा प्रोट्रॅक्टर चुकला आणि दुसरी फेरी ३३ ऐवजी ३२ वर पडली. काय होईल? पैलू तरीही कोपऱ्याला टेकतील, त्रिकोणांचे शेंडे तरीही बनतील, टेबल तरीही त्यांना टेकेल. फक्त टेबल ५७ टक्क्यांचं होईल. ३४ वर पडली तर ४७ टक्क्यांचं. खडा दोन्ही वेळा पुरा आणि नेटका दिसतो. कोपरा आणि शेंडा या दोन खुणा तुम्हाला जागेवर ठेवतात, आकडा थोडा इकडे-तिकडे झाला तरी चालतं. फक्त दुसऱ्या फेरीचा कोन पहिलीपेक्षा पाच ते नऊ अंशांनी कमी राहू द्या. पॅव्हिलियनचा ४३ मात्र सांभाळा. त्यासाठी शाळेच्या कंपासपेटीतला गुण्या घेऊन मशीनचा ९० आणि ४५ तपासा. लॅपच्या पृष्ठाशी ४५ चा गुण्या उभा धरून क्विल त्याला टेकते का पाहा. तुमच्या मशीनची चूक किती आणि कुठल्या बाजूला हे एकदा लिहून ठेवलं की पुढे प्रत्येक डिझाइनमध्ये ती वजा करता येते.

उंच क्राऊन आवडत नसेल, किंवा कच्चा तुकडा उथळ असेल, तर क्राऊनचे कोन खाली आणता येतात. पण दोन्हींतून सारखे अंश वजा करून चालत नाही, स्पर्शज्येच्या प्रमाणात उतरावं लागतं. शाळेतला टॅन इथे कामाला येतो. पहिली फेरी ४० वरून ३५ वर आणली तर टॅन ३५ भागिले टॅन ४० म्हणजे ०.८३४. दुसऱ्या फेरीच्या टॅन ३३ ला त्याने गुणलं की उत्तर साडेअठ्ठावीस अंशांच्या जवळ येतं. असं केलं की वरून पाहिल्यावर नक्षी तीच राहते, फक्त क्राऊन बसका होतो. रॉबर्ट स्ट्रिकलँड यांनी बनवलेल्या जेमकॅडसारख्या प्रोग्रॅममध्ये हे आकडे भरून खडा स्क्रीनवर फिरवूनही पाहता येतो. तरी दोन-तीन वेळा हाताने गणित करा.

दुसऱ्या खड्याला वरचं सगळं तसंच ठेवा आणि फक्त पॅव्हिलियनला एक फेरी वाढवा. पहिली फेरी ४३ ऐवजी ४५ अंशांवर, त्याच आठ आकड्यांवर, बिंदूपर्यंत. मग गर्डल. मग ४२ अंशांवर ६, १८, ३० या आकड्यांनी आठ पैलू, ते गर्डलच्या कोपऱ्याला टेकेपर्यंत. त्यांचा नवा बिंदू जुन्या बिंदूपेक्षा किंचित खड्याच्या आत बनतो आणि आधीचे पैलू लांबट त्रिकोण होऊन जवळजवळ क्युलेटपर्यंत पोचतात. आठ पैलूंच्या पॅव्हिलियनमध्ये चमक मोठ्या तुकड्यांत येते, या सोळामध्ये ती बारीक आणि खेळती होते. कोपऱ्याला टेकताना एक काळजी घ्या, जास्त कापलंत तर गर्डलचा कोपरा खाऊन जातो आणि मग गर्डल आणि सगळं पुन्हा कापावं लागतं.

पांढऱ्या किंवा निळ्या टोपाझचा मोह इतक्यात नको. तो एका दिशेला सुटतो, आणि एखादा पैलू त्या दिशेला समांतर आला तर कितीही घासलं तरी पॉलिश धरत नाही. गार्नेट घेतलंत तर हेच कोन चालतील. त्याची मर्यादा क्वार्ट्‌झपेक्षा बरीच कमी असल्यामुळे प्रकाश आत राहतो, फक्त तुकडा लहान आणि फिकट निवडा, नाहीतर खडा काळा दिसेल.

पहिल्या खड्याला तुम्हाला बारा-पंधरा तास लागतील, चार-पाच दिवसांत विभागून. थकल्यावर बसू नका, टेबल तर रात्री कधीच पॉलिश करू नका. इपॉक्सी सोडवताना डॉप तापवा, खडा सुटला की उरलेला गोंद ॲसिटोनमध्ये भिजवून काढा, खिडकी उघडी ठेवून आणि ज्योत विझवून. मग खडा पांढऱ्या कागदावरच्या अक्षरांवर टेबल वर करून ठेवा. सरळ वरून पाहिल्यावर अक्षरं वाचता आली नाहीत तर तुमचे कोन बरोबर आहेत.

आणि गोल ब्रिलियंट सोडू नका. हे दोन खडे झाले की तिकडे परत या, या वेळी क्वार्ट्‌झच्या कोनांनी. पॅव्हिलियनचे सोळा छोटे पैलू ४४ अंशांवर ३, ९, १५, २१ असे सहा-सहाच्या उड्यांनी, गर्डल त्याच सोळा आकड्यांवर, आणि मुख्य आठ ४२ अंशांवर ९६, १२, २४ या तुमच्या ओळखीच्या आकड्यांवर, गर्डलच्या रेघेला टेकेपर्यंत. तोपर्यंत चार पैलूंतलं आढं तुम्हाला दुरूनच ओळखता येत असेल. कुठे अडलात तर क्युलेटचा आणि गर्डलचा जवळून घेतलेला फोटो पाठवा, भिंगातून मोबाइलने घेतलेला चालेल, आणि कुठला पैलू कुठल्या आकड्यावर पाडला तेही सोबत लिहा.